नांगरलेल्या जहाजाच्या तोंडापुढून

सावळीराम पुंजा गांगुर्डे याला एका जागी बसवत नसे. गंगापूर धरणाच्या काठी हौशी मंडळींच्या एका नौकानयन मंडळाची पत्र्याची शेड होती. तिथे त्याला होड्या राखायची नोकरी होती. राखायचं म्हणजे बसून राहायचं, आणि नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. मंडळाचे सभासद रविवारी सातपूरहून, कॉलेज रोडवरून यायचे. उरलेले सहा दिवस शेडमध्ये सावळीराम आणि पाच होड्या. तो दोर उकलायचा, पुन्हा गुंडाळायचा, शिडं उन्हात टाकायचा, घडी घालायचा, आणि दुपार कलली की एक होडी ओढून पाण्यात घालायचा. शीड कसं धरायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. रविवारी बघायचं आणि सोमवारी करायचं, असं करत करत तीन वर्षांत तो मंडळातल्या निम्म्या सभासदांपेक्षा चांगली होडी हाकायला लागला. हे सभासदांना माहीत होतं, पण तसं कोणी बोलत नसे.

बोलले ते एकटे खैरनार. निवृत्ती खैरनार सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. मूळचे सटाण्याकडचे, बोलणं नाशिकचं झालेलं, पण राग आला की तोंडातून अहिराणी यायची. मंडळात रेसचा नाद असलेले तेवढेच. त्यांच्या होडीत दोन माणसं लागत. एकाने सुकाणू आणि मोठं शीड धरायचं, दुसऱ्याने पुढचं शीड सांभाळायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. १९७८ साली त्यांच्या सोबत्याची बदली झाली, तेव्हा त्यांनी शेडकडे वळून हाक मारली.

"सावळीराम, चप्पल काढ आणि बस होडीत."

"मी, साहेब?"

"मग काय चौकीदाराला विचारू?"

"चौकीदार मीच हे, साहेब."

"म्हणूनच म्हणतो, बस."

तेव्हापासून त्या होडीतली पुढची जागा सावळीरामची झाली. त्या जागेवर असताना त्याच्या पायांची चुळबुळ थांबायची. लताबाई, त्याची बायको, म्हणायची, "घरात पाटावर पाच मिनिटं बसत नाय, अन् त्या फळीवर चार चार तास बसता. फळीशीच लगीन लावायचं व्हतं."

लताबाईचं माहेर पिंपळगाव बसवंतचं. तिचे वडील कोंडाजी कांद्याच्या गोण्या बैलगाडीतून बाजाराला न्यायचे आणि त्यासाठी मुंबई-आग्रा रस्ता आडवा ओलांडावा लागायचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासऱ्याने जावयाच्या हातात कासरा दिला आणि ट्रक ओळखायची रीत शिकवली.

"घाई करू नको. बैलाच्या शिंगाच्या टोकावर ट्रक धर. शिंगाच्या पुढं सरकला, तर तो आधी जानार, तू त्याच्या मागून जा. शिंगाच्या मागं पडला, तर तू आधी निघून जाशील. अन् शिंगावरच बसून राह्यला, अन् मोठा मोठा व्हत गेला, तर बैल थांबव. नायतर तू अन् तो एकाच टायमाला एकाच जागी."

सावळीरामने ही रीत धरणावर आणली. डोलकाठीला बाजूने आधार देणारी एक तार असते, ती त्याचं शिंग झाली. समोरून दुसरी होडी आली की तो तारेवर धरून सांगायचा, "पुढं सरकतीय, साहेब, मागून काढा," किंवा "मागं पडली, जाऊ द्या सरळ." खैरनार आधी हसले, मग त्यांनी वहीत आकृती काढून पाहिली आणि हसणं बंद केलं.

फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या बंदरात निवडीच्या पाच रेस झाल्या. एकूण गुणांत पहिल्या सहात येणाऱ्या सुकाणूवाल्यांना राष्ट्रीय सराव शिबिराला बोलावणं येणार होतं. आपला सोबती ज्याने त्याने आणायचा. होड्या बावीस. खैरनार आणि सावळीराम ट्रकवर होडी बांधून कसारा घाटाने उतरले. सावळीरामने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पण त्याचं लक्ष समुद्रापेक्षा जहाजांवर गेलं. धरणात त्याच्या होडीपेक्षा मोठं काही तरंगत नव्हतं. इथे तीन-तीन मजली लोखंड पाण्यावरून सरकत होतं, आणि त्याचा आवाजही नीट येत नव्हता.

रेसच्या आधी बंदरातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याने सगळ्यांना उन्हात उभं करून सूचना दिल्या. "मालाची जहाजं तुम्हाला चुकवणार नाहीत. त्यांना थांबायला मैल लागतो. तुम्ही मजा करायला आलात, ती पोटापाण्याला आलीत. तेव्हा बाजूला तुम्ही व्हायचं. चालत्या जहाजाच्या वाटेत जो येईल तो रेसमधून बाद. नांगरलेल्या जहाजावर दिवसा काळा गोळा टांगलेला असतो, तो बघा. आणि भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहिल्यात, त्या उतरून घ्या."

खैरनारांनी सगळं उतरून घेतलं. भरती-ओहोटीच्या वेळाही घेतल्या. पण त्या वेळांचा अर्थ दोघांनी लावला तो धरणावरचा. धरणात पावसाळ्यात पाणी वर येतं आणि मे महिन्यात खाली जातं, पायऱ्या उघड्या पडतात. समुद्रात हेच दिवसातून दोनदा होतं, एवढंच. धक्क्यापाशी होडी चिखलात बसू नये म्हणून वेळ बघायची. वर आणि खाली जाणारं पाणी बाजूलाही धावत असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. धरणाच्या माणसाच्या डोक्यात ते येतच नाही.

चार रेस झाल्या तेव्हा त्यांची होडी एकूण गुणांत दुसरी होती. पाचव्या रेसला दुपारी ओहोटी लागलेली होती. शेवटच्या फेरीत त्यांच्या पुढे एकच होडी होती. वळसा घालायच्या शेवटच्या बोयाकडे, त्या तरंगत्या खुणेकडे जायच्या वाटेवर एक परदेशी मालवाहू जहाज उभं होतं, तळाला लाल रंग, त्यावर गंजाचे ओघळ. पुढची होडी जहाजाच्या तोंडापुढून आडवी निघून गेली. खैरनारांनीही तोच रस्ता धरला, पण जहाजाच्या जरा जवळून. होडीचं नाक जहाजाच्या चांगलं पुढे रोखलेलं होतं. सावळीरामने सवयीने तारेकडे पाहिलं. जहाजाचं तोंड तारेवर होतं. त्याने दहापर्यंत आकडे मोजले. तोंड तारेवरच होतं आणि मोठं झालं होतं.

"साहेब, जहाज येतंय."

"कुठलं?"

"हेच. तांबडं."

"अरे, ते नांगरलंय. काळा गोळा दिसत नाही का?"

"गोळा हे. पर तोंडाला फेस हे त्याच्या! बघा, पानी फाडतंय."

खैरनारांनी मान वळवून पाहिलं. जहाजाच्या तोंडाशी खरंच पांढरा फेस होता. पण त्यांनी गोळा पाहिला होता आणि नियम पाठ होता. "लाटा लागतायत त्याला. शीड ओढ, आपण मागे पडतोय."

"तारंवरून हलत नाय, साहेब! मागून काढा!"

"तुझा बैल घरी ठेव! नांगरलेलं जहाज म्हणजे बेट. बेट चालत येतं का अंगावर?"

सावळीरामने पुन्हा पाहिलं. जहाजाचं तोंड आता वर बघावं लागेल एवढं झालं होतं, आणि नांगराची साखळी, एकेक कडी माणसाच्या मांडीएवढी, पाण्यातून वर चढत गेलेली दिसत होती. त्याने पुढच्या शिडाचा दोर सोडला, मागे सरकला आणि खैरनारांच्या हातासकट सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला.

होडी गर्रकन वळली. मोठं शीड झोकात बाहेर गेलं. गंजलेली भिंत पाच-सहा हातांवरून सरसर मागे जायला लागली. खैरनारांच्या तोंडून शब्द बाहेर पडला तो अहिराणीत. "तुन्हं डोकं ठिकाणावर शे का?"

सावळीरामने वर पाहिलं. जहाजाच्या कठड्यावर चड्ड्या वाळत घातल्या होत्या. एक खलाशी तोंडाला साबण फासून दाढी करत उभा होता. त्याने वस्तरा थांबवून खाली पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा दाढी करायला लागला. जहाज सकाळपासून तिथेच उभं होतं.

जहाजाच्या शेपटाला वळसा घालून पुन्हा रेसच्या वाटेला लागेपर्यंत सात होड्या पुढे गेल्या. ते नववे आले. एकूण गुणांत दुसरे होते ते सहावे झाले. खैरनारांना शिबिराचं बोलावणं मिळालं, पण शेवटचं. पुढच्या होडीतल्या माणसाने धक्क्यावर विचारलं, "काय खैरनार, नाशिकला जहाजं बघायला मिळत नाहीत वाटतं?" खैरनार होडीचे दोर सोडवत राहिले. ट्रकमध्ये होडी चढवताना एवढंच म्हणाले, "उभ्या जहाजाला भ्यायलास, सावळीराम. आणि माझ्या हातातलं सुकाणू ओढलंस."



पुढचे सहा महिने सावळीरामला वाईट गेले. धरणावर मासे धरणारे लांबून ओरडायचे, "सावळ्या, खडक येतोय बघ अंगावर, वळव वळव!" लताबाईने एकदा म्हैस दावणीला बांधताना विचारलं, "हिला वाट सोडता का तुमी? उभी हे, पर काय भरवसा?" तोही हसला. मग रात्रीचं जेवण तसंच ठेवून बाहेर फेऱ्या घालत राहिला.

हसणं त्याला लागत नव्हतं असं नाही. पण त्याला पोखरत होतं ते दुसरंच. धरणात एक पाण्यातला मनोरा होता. तो होडी घेऊन मनोऱ्याकडे जायचा आणि मनोरा तारेवर धरून बघायचा. होडी सरळ मनोऱ्यावर नेली तर मनोरा एकाच रेषेत राहायचा आणि मोठा व्हायचा. पण नाक जरासं पुढे रोखलं, की मनोरा निमूट मागे सरकायचा. प्रत्येक वेळी. उभी वस्तू तारेवर राहते ती आपण तिच्यावरच चालून गेलो तर. त्या दिवशी होडीचं नाक जहाजाच्या चांगलं पुढे होतं, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. मग उभं जहाज तारेवर राहिलं कसं? एक तर तार खोटी, नाहीतर आपले डोळे खोटे. आणि डोळे खोटे असतील तर होडीतली ती जागा आपली नव्हेच. तिथे बसणाऱ्याचं काम बघायचं.

जागा जाणार हे दिसतच होतं. जूनपासून खैरनार रविवारी झुंबरला घेऊन येऊ लागले. झुंबर नाशिकरोडचा, अंगाने दांडगा, पट्टीचा पोहणारा, सांगितलेलं चोख करणारा. सावळीराम दोघांना होडी धरून द्यायचा आणि काठावर इकडून तिकडे चालत राहायचा. शिबिर ऑक्टोबरला होतं. सोबत्याचं नाव ऑगस्टअखेर कळवायचं होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस धो धो पाऊस झाला आणि धरणातून पाणी सोडलं. मंडळाची शेड गळत होती म्हणून सावळीराम डांबर आणायला शहरात आला. गोदावरीला पूर होता आणि निम्मं पंचवटी बघायला लोटलं होतं. नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या दगडी मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं होतं, बायका छत्र्या धरून उभ्या होत्या, एक भेळवाला पुलाच्या तोंडाशी धंदा करत होता. सावळीराम डांबराचा डबा हातात घेऊन जरा थांबला.

गढूळ पाणी मारुतीवर आदळत होतं आणि त्याच्या कमरेशी पांढरा फेस उसळत होता. पाण्याकडे टक लावून पाहिलं की पाणी थांबल्यासारखं वाटायचं आणि मारुतीच पुराला छाती लावून वर चालत आल्यासारखा दिसायचा. शेजारची एक बाई आपल्या सासूला म्हणालीसुद्धा, "आत्याबाई, चालतोय बघा!"

सावळीरामच्या हातातला डबा खाली आला.

तेवढ्यात वरून बाभळीचं एक खोड आलं. खोडाचं टोक पलीकडच्या काठाकडे होतं. ज्या दिशेला ते तोंड करून होतं त्या दिशेला ते जात असतं, तर मारुतीपासून वीस हात लांबून गेलं असतं. पण ते तसंच आडवं, पलीकडे बघत बघत, खाली सरकत आलं आणि मारुतीच्या पोटावर धाडकन बसलं. पाण्याने त्याला तिथेच दाबून धरलं, अर्धं वाकवलं आणि मग पोटाखाली ओढून नेलं.

"जहाज उभं व्हतं," सावळीराम मोठ्याने म्हणाला. "आपन उभं नव्हतो!"

"काय झालं भाऊ?" भेळवाल्याने विचारलं.

पण सावळीराम पळत सुटला होता. पूर संध्याकाळपर्यंत उतरणार, मग दाखवायचं काय? त्याने शालिमारच्या स्टॉपवरून सातपूरची बस धरली, बसमध्ये जागा असून उभाच राहिला, आणि कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्यावाल्याशी भांडत खैरनारांना निरोप धाडला. खैरनार अर्ध्या तासाने बाहेर आले.

"घरी कोणाचं काही झालं का?"

"नाय साहेब. मारुतीला चला."

"काय?"

"पानी उतरायच्या आत चला. तुमची आन, परत कदी कायबी मागनार नाय."

त्याचा चेहरा पाहून खैरनारांनी स्कूटर काढली. पंचवटीत पोचले तेव्हा पाणी कमरेवरून मांडीवर आलं होतं, पण फेस अजून होता. सावळीरामने भेळवाल्याच्या शेजारी पडलेली केळीची सोपटं काढलेली दोन खोडं उचलली, वर पळत जाऊन काठावरून पाण्यात फेकली आणि तिथूनच ओरडला, "टोक कुठं हे ते बघा! अन् जातं कुठं ते बघा!"

पहिलं खोड लांबून गेलं. दुसरं आडवं सरकत येऊन मारुतीला चिकटलं आणि थरथरत राहिलं.

खैरनार काठावर पुढे येऊन बघत राहिले. मग त्यांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, त्याच्या पाठीवर पेनने जहाज काढलं, होडी काढली, होडीच्या नाकाचा बाण काढला. मग पाण्याचा बाण काढला. दोन बाण जोडले तेव्हा तिसरी रेघ सरळ जहाजाच्या तोंडावर गेली. त्यांनी ती पुन्हा एकदा गिरवली.

"ओहोटी," ते म्हणाले. "आपल्याला वाटलं पाणी फक्त खाली जातं. ते वाहत होतं रे. आपण वाहत होतो त्याच्याबरोबर. पुढच्या होडीने पाणी येत होतं त्या वरच्या बाजूने, बऱ्याच लांबून काढली म्हणून ती वाचली. आपण..." त्यांनी चिकटलेल्या खोडाकडे पाहिलं. साखळीची कडी त्यांनाही आठवली असावी. त्यांनी पेनचं टोपण लावलं.

घरी नेऊन त्यांनी सावळीरामला खुर्चीवर बसवलं, टेबलाच्या खणातून शिबिराचा अर्ज काढला. सोबत्याच्या रकान्यात झुंबरचं नाव लिहिलेलं होतं, खाली सही तेवढी बाकी होती.

"हे बदलायचं," खैरनार म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. "आणि सोबत कमिटीला पत्र लिहितो. त्या दिवसाचं तिथे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या सोबत्याने ओहोटीचा ओढा ओळखला, मला ओळखता आला नाही, म्हणून आम्ही नववे आलो. असं लिहिलं की तुझ्यावर कोणी बोट ठेवणार नाही. बरोबर ना?"

सावळीराम खुर्चीवरून उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला. एवढं 'हो' म्हटलं की सहा महिन्यांचं सगळं पुसलं जाणार होतं, धरणावरची हसणी, लताबाईची म्हैस, सगळं. जागा समोर टेबलावर पडलेली होती.

"नाय साहेब."

"काय नाही?"

"ओढा मला नव्हता कळला. मला वाटलं जहाजच चालू हे. आज मारुती बघेपरेंत तसंच वाटत व्हतं."

खैरनारांनी पेन खाली ठेवलं. "अरे, पण..."

"शिबिरात मला कुनी ओढ्याचं इचारलं तर काय सांगू? अन् नाय इचारलं, अन् समदे माझ्यावर इसंबून राह्यले, तर? कुनाची तरी होडी जाईल साखळीखाली."

"मग कमिटीला काय लिहू? सोबत्याला ओहोटी कळत नाही, जहाज उभं की चालू तेही कळत नाही, तरी हाच पाहिजे?"

"तेच लिहा."

"आणि हाच का पाहिजे?"

 "त्या दिशी तुमालाबी कळलं नव्हतं, साहेब. दोघांनाबी कळत नसंल तवा एकानं तरी दांडा ओढाया पायजे. झुंबर चांगला हे, माझ्यापरीस ताकदीचा हे. पर तो तुमाला इचारून ओढंल."

"आणि पुढच्या वेळी तू चुकलास तर? जहाज खरंच लांब असलं तर?"

"तर नववा नंबर यील. घरी तर यू."

खैरनारांनी हसायचा प्रयत्न केला, पण हसू आलं नाही. त्यांनी झुंबरच्या नावावर एक रेघ मारली, वर नवं नाव लिहिलं, वय सत्तावीस लिहिलं, आणि शिक्षणापाशी थांबून विचारलं. सातवी, सावळीराम म्हणाला. मग त्यांनी पत्र लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यात ओढा ओळखल्याचं वाक्य नव्हतं. झुंबरला मात्र स्वतः जाऊन सांगायला हवं, असं ते म्हणाले आणि पावसातच निघाले. सावळीरामला डांबराचा डबा पंचवटीतच राहिल्याचं आठवलं. तो परत गेला तेव्हा भेळवाल्याने डबा बाकाखाली सांभाळून ठेवला होता.

शिबिराला तीन महिने दोघे मुंबईत होते. अंतिम निवडीत दोन जोड्या घेतल्या, त्यांची चौथी आली. जानेवारीत सावळीराम परत आला तो काळाठिक्कर पडून, हाताला घट्टे घेऊन. लताबाईने विचारलं, "मग? झाले का देशाचे खेळाडू?" तो म्हणाला, "नाय. पर पानी कुठं जातं ते कळाया लागलं."

त्यानंतर दर हिवाळ्यात खैरनार त्याला बंदरातल्या रेसला घेऊन जात. ८६ साली खैरनारांची पाठ दुखायला लागली आणि त्यांनी रेस सोडली. सावळीराम मात्र जातच राहिला, कधी कोणाच्या होडीत, कधी नुसता पहाऱ्याच्या लाँचवर. पहाटे सगळ्यांच्या आधी धक्क्यावर जाऊन तो नारळाचं सोडण पाण्यात टाकायचा आणि ते कुठे निघतं ते बघत काठाने चालायचा. सोडण वाहत असलं की तो बरा असे. पण भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या मध्ये पाणी घटकाभर नुसतं उभं राहतं, सोडण टाकलं तिथेच तरंगतं. तेव्हा त्याला धीर निघत नसे. जवळच्या कोळ्यांना तो दोनदा-तीनदा विचारी, निघालं का, कुठं निघालं. आणि ते ओरडून म्हणत, "नाशिकवाले, बसा की जरा." तो हो म्हणे आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बघायला जाई.